चार पराभव आणि आठ पराभव: नेरुळच्या मैदानाची साक्ष

१/
मुंबई इंडियन्सने २०१३ ते २०२५ अशा सलग तेरा हंगामांत आपला पहिला सामना गमावला. याच काळात संघाने आयपीएलचे विजेतेपद पाच वेळा मिळवले: २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२०. म्हणजे या संघाच्या प्रत्येक विजेतेपदाचा आरंभ पराभवाने झालेला आहे. याउलट २०१२ मध्ये चेन्नईत जाऊन पहिला सामना जिंकला, आणि त्या वर्षी संघ एलिमिनेटरमध्येच बाहेर पडला. तरीही दर हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यापासून पनवेलपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा काही खरे आहे का? हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
या प्रश्नाला चाहत्यांनी दोन ठरावीक उत्तरे शोधून ठेवली आहेत. पहिले उत्तर श्रद्धेचे: 'पहिली मॅच देवाला'. दुसरे संतापाचे: कर्णधार बदला, प्रशिक्षक बदला, अमुक खेळाडूला बसवा. दोन्ही उत्तरांत एक दोष समान आहे. सुरुवातीच्या पराभवाकडे पुरावा म्हणून पाहण्याचे कष्ट दोन्हींत टाळलेले आहेत. इतिहासाच्या अभ्यासात कोणत्याही साधनाला प्रथम विचारले जाते: हे साधन नेमके काय सांगू शकते, आणि काय सांगू शकत नाही? गुणतक्त्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा.

३/
या तपासणीसाठी साक्षीदार म्हणून नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम सोयीचे आहे. २००८ मध्ये हे मैदान खुले झाले, त्याच वर्षी आयपीएल सुरू झाली, आणि पहिला अंतिम सामनाही इथेच झाला. वानखेडे हे मुंबईचे घर. नेरुळ हे अनेकांचे यजमान. एकाच संघाची बाजू घेण्याची सवय या मैदानाला लागली नाही. सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या या मैदानाने मुंबईची सर्वांत लाजिरवाणी सुरुवात पाहिली, सर्वांत दिमाखदार हंगामाचा शेवटही पाहिला, आणि २०२५ मध्ये भारतीय महिला संघाचा विश्वविजयही पाहिला. त्याची साक्ष क्रमाने ऐकू या.

४/
२७ एप्रिल २००८. मुंबई इंडियन्सचा नेरुळमधला पहिला आयपीएल सामना, समोर डेक्कन चार्जर्स. सचिन तेंडुलकर जायबंदी होता. त्याच्या जागी नेतृत्व करणारा हरभजनसिंग दोनच दिवसांपूर्वीच्या मोहालीतील श्रीशांत प्रकरणामुळे संघाबाहेर गेला होता आणि धुरा शॉन पोलॉककडे आली होती. मुंबईने १५४ धावा केल्या. ॲडम गिलख्रिस्टने ४७ चेंडूंत नाबाद १०९ धावा काढून हे लक्ष्य अवघ्या १२ षटकांत, एकही गडी न गमावता पार केले. बंगळूर, चेन्नई, पंजाब आणि आता डेक्कन: चार सामने, चार पराभव.

५/
त्या रात्री नेरुळ स्थानकाकडे परतणाऱ्या प्रेक्षकाला हा संघ संपला असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पुढे घडले ते असे: मुंबईने सलग सहा सामने जिंकले, आणि त्यांतले दिल्ली व राजस्थानविरुद्धचे दोन याच मैदानावर जिंकले. चार पराभवांत दिसलेला संघ आणि सहा विजयांत दिसलेला संघ यांतील बहुतेक माणसे तीच होती. गुणवत्ता काही दिवसांत जन्माला येत नाही. ती आधीही होती. चार निकालांच्या तुटपुंज्या पुराव्यात ती दिसत नव्हती, इतकेच.

६/
पण कथा इथे थांबवली तर ती सुखांत आणि खोटी ठरेल. साखळीच्या अखेरीस मुंबईचे १४ गुण झाले. चौथ्या क्रमांकावरील दिल्लीचे १५. एका गुणाने उपांत्य फेरी हुकली. सहा विजयांनंतर मुंबई पंजाबविरुद्ध एका धावेने आणि राजस्थानविरुद्ध शेवटच्या चेंडूवर हरली होती, त्यामुळे लोकांच्या लक्षात ते शेवटचे घाव राहिले. गुणतक्ता मात्र तारखा पाहत नाही. एप्रिलमध्ये गमावलेले दोन गुण मे महिन्यात गमावलेल्या दोन गुणांइतकेच असतात. सुरुवातीचे पराभव भविष्य सांगत नाहीत. पण ते कर्ज असतात, आणि ते फेडावे लागते.

७/
दोन वर्षांनी याच मैदानाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. २०१० मध्ये मुंबईने साखळीतील १४ पैकी १० सामने जिंकले आणि २० गुणांसह अव्वल स्थान मिळवले. सचिनने त्या हंगामात ६१८ धावा केल्या. अंतिम सामना २५ एप्रिलला नेरुळमध्ये होता आणि प्रतिस्पर्धी होता साखळीत निम्मे, म्हणजे १४ पैकी ७ सामने जिंकून कसाबसा वर आलेला चेन्नईचा संघ. चेन्नईने तो सामना २२ धावांनी जिंकला. उत्तम सुरुवात, उत्तम मध्य, आणि तरीही चषक दुसऱ्याच्या हाती. जिथे वाईट सुरुवात पुरेसा पुरावा ठरत नाही, तिथे चांगली सुरुवातही ठरत नाही.

८/
आता नेरुळच्या बाहेर थोडे जायला हवे, कारण मुंबईच्या चाहत्याचा सगळा आशावाद ज्या दोन हंगामांवर उभा आहे ते दुसरीकडे घडले. २०१४ मध्ये निवडणुकीमुळे आयपीएलचा पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीत झाला आणि तिथले पाचही सामने मुंबई हरली. उरलेल्या नऊपैकी सात जिंकून संघ बाद फेरीत गेला. शेवटच्या साखळी सामन्यात वानखेडेवर राजस्थानचे १९० धावांचे लक्ष्य निव्वळ धावगतीच्या गणितामुळे जवळपास साडेचौदा षटकांत गाठायचे होते. कोरे अँडरसनच्या ४४ चेंडूंतील नाबाद ९५ धावा आणि आदित्य तरेचा तो षटकार आजही मुंबईकरांच्या बोलण्यात येतो.

९/
२०१५ मध्ये पुन्हा पहिले चार पराभव. पाचवा सामना बंगळूरमध्ये जिंकला, सहावा हरला. सहा सामन्यांत एक विजय. त्यानंतर आठपैकी सात विजय, गुणतक्त्यात दुसरे स्थान, आणि २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईवर ४१ धावांनी मात करून विजेतेपद. हा हंगाम आता दंतकथा झाला आहे. दंतकथेचा धोका असा की ती घडून गेल्यावर अटळ वाटू लागते. 'मुंबई नेहमीच उशिरा जागी होते' हे वाक्य २०१५ च्या शेवटाकडून मागे वळून वाचल्यामुळे तयार झाले आहे.

१०/
प्रत्यक्षात त्या वर्षी काय बदलले? सलामीवीर ॲरन फिंच जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला, अँडरसनलाही दुखापत झाली. संघाला नाइलाजाने नवी मांडणी करावी लागली. लेंडल सिमन्स सलामीला आला आणि त्याने हंगामात ५४० धावा केल्या. पार्थिव पटेल त्याचा जोडीदार ठरला. डावखुरा वेगवान गोलंदाज मिचेल मॅक्लेनघन संघात आला आणि १८ बळी घेऊन गेला. म्हणजे 'उशिरा जागे होणे' हा स्वभाव नव्हता. संघाला योग्य अकरा जण सापडायला सहा सामने लागले, आणि सापडल्यावर त्यांत हात घालण्याचा मोह टाळला गेला.

११/
आता थोडे गणित. समजा सर्व दहा संघ अगदी समान ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. तरीही एखाद्या संघाने पहिले चार सामने हरण्याची शक्यता सोळांत एक आहे. दहा संघांचा एकत्र विचार केला तर ढोबळमानाने जवळजवळ निम्म्या हंगामांत कोणता ना कोणता संघ, कोणताही दोष नसताना, पहिले चारही सामने हरलेला दिसेल. त्या संघाविषयी वाहिन्यांवर चर्चा होतील, मीम्स निघतील, कर्णधाराच्या चेहऱ्याचे विश्लेषण होईल. आणि त्या सगळ्याचे मूळ कारण केवळ नशीब असू शकेल.

१२/
बेसबॉलच्या चाहत्यांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली आहे. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने पहिल्या ५० सामन्यांत १९ जिंकले आणि ३१ गमावले. व्यवस्थापकाला काढा, अशी मागणी सुरू झाली. तो व्यवस्थापक राहिला, संघाने साखळीत ९३ विजय नोंदवले, आणि पुढे वर्ल्ड सीरिज जिंकली. तिथले ५० सामने म्हणजे हंगामाचा सुमारे ३१ टक्के भाग. आयपीएलच्या १४ सामन्यांत हाच भाग चार सामन्यांचा होतो. पन्नास सामन्यांचा पुरावा जिथे फसवतो, तिथे चार सामन्यांच्या पुराव्यावर कोणाला फाशी द्यायची?

१३/
तरीही एक मोठा फरक विसरून चालणार नाही. १६२ सामन्यांच्या हंगामात कर्ज फेडायला वेळ असतो. १४ सामन्यांच्या हंगामात तो नसतो. दहा संघांच्या आयपीएलमध्ये बाद फेरीसाठी साधारणपणे १६ गुण, म्हणजे आठ विजय, सुरक्षित मानले जातात. १४ गुणांवर धावगतीच्या कृपेची वाट पाहावी लागते. पहिले चार हरलेल्या संघाला उरलेल्या दहांपैकी आठ जिंकावे लागतात. म्हणून बेसबॉलचा निवांतपणा जसाच्या तसा इथे आणता येत नाही. संघ वाईट नसतानाही हंगाम वाया जाऊ शकतो, हे क्रिकेटच्या छोट्या हंगामाचे क्रौर्य आहे.

१४/
याचे उदाहरण २०१८. मुंबई पहिले तीन सामने हरली. चेन्नईविरुद्ध एक गडी आणि एक चेंडू शिल्लक असताना, हैदराबादविरुद्ध शेवटच्या गड्याकडून शेवटच्या चेंडूवर, आणि दिल्लीविरुद्धही शेवटच्याच चेंडूवर. या तीन पराभवांवरून संघ कमकुवत ठरत नव्हता. अखेरीस मुंबईचे १२ गुण झाले आणि संघ पाचवा आला. चौथ्या क्रमांकावरचा राजस्थान १४ गुणांवर, मुंबईपेक्षा कमी धावगती असूनही पुढे गेला. त्या तिघांपैकी एक चेंडू जरी वेगळा पडला असता तर चित्र बदलले असते. 'पहिली मॅच देवाला' म्हणणाऱ्यांच्या स्मरणातून हा हंगाम सोयीस्कररीत्या गळालेला असतो.

१५/
आणि मग २०२२. करोनामुळे त्या वर्षीची संपूर्ण साखळी मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. नेरुळने मुंबईचा दुसरा पराभव पाहिला: जोस बटलरचे शतक, राजस्थानचा २३ धावांनी विजय. सातवा पराभवही नेरुळनेच पाहिला. २१ एप्रिलला चेन्नईला शेवटच्या षटकात १७ धावा हव्या होत्या. महेंद्रसिंग धोनीने शेवटच्या चेंडूवर चौकार मारून त्या काढल्या. त्यानंतर आठवा पराभव झाला. ३० एप्रिलला, रोहित शर्माच्या वाढदिवशी, मुंबईला हंगामातला पहिला विजय मिळाला, तोही याच मैदानावर, राजस्थानविरुद्ध. संघ अखेर चार विजयांसह दहाव्या स्थानी राहिला.

१६/
नाणेफेकीच्या गणितात सलग आठ पराभवांची शक्यता २५६ मध्ये एक आहे. दहा संघ धरले तरी असे शंभर हंगामांत सुमारे चार वेळा घडावे. इथे नशिबाचे स्पष्टीकरण लंगडे पडते. आणि कारणे शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. मोठ्या लिलावापूर्वी हार्दिक पांड्या, कृणाल पांड्या, ट्रेंट बोल्ट, क्विंटन डी कॉक हे सगळे दुरावले होते. त्या हंगामात खेळूच शकणार नाही हे माहीत असताना जोफ्रा आर्चरवर आठ कोटी रुपये लावले होते. म्हणजे बुमराच्या जोडीचा गोलंदाज त्या वर्षापुरता कागदावरच होता. ही घडी विस्कटली होती फेब्रुवारीतच. एप्रिलमध्ये ती केवळ दिसली.

१७/
त्यावर निवडीतील अस्थैर्याची भर पडली. सव्वाआठ कोटींना घेतलेल्या टिम डेव्हिडला दोन सामन्यांनंतर बसवले गेले. तो परतला तेव्हा संघाचा हंगाम संपल्यात जमा होता. मात्र त्याच अंधाऱ्या हंगामात एकोणीस वर्षांच्या तिलक वर्माला सतत संधी मिळाली आणि त्याने ३९७ धावा केल्या. २०१५ आणि २०२२ यांची तुलना इथे बोलकी होते. दोन्ही वर्षी पहिले चार सामने गेले. फरक पराभवांच्या संख्येत नंतर दिसला. तो मुळात उपलब्ध माणसांत आणि त्यांच्यावरील विश्वासात होता, आणि डोळसपणे पाहणाऱ्याला तो चौथ्या सामन्यापर्यंतही दिसू शकला असता.

१८/
चांगल्या सुरुवातीचे आणखी एक नेरुळी उदाहरण महिलांच्या क्रिकेटमधले आहे. ४ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना इथे झाला. हरमनप्रीत कौरच्या ३० चेंडूंतील ६५ धावांच्या बळावर मुंबईने २०७ धावा केल्या आणि गुजरातला ६४ धावांत गुंडाळून १४३ धावांनी विजय मिळवला. पाठोपाठ पहिले पाचही सामने जिंकले. मग याच मैदानावर उत्तर प्रदेश आणि दिल्लीकडून लागोपाठ दोन पराभव झाले, अव्वल स्थान धावगतीवर दिल्लीकडे गेले आणि मुंबईला एलिमिनेटर खेळावा लागला. पुढे चषक मुंबईनेच जिंकला. पण पाच विजयांनी तो आधीच दिलेला नव्हता.

१९/
या मैदानाची सर्वांत मोठी साक्ष २०२५ च्या महिला विश्वचषकाची. बंगळूरला होणारे सामने तिथल्या जूनमधील चेंगराचेंगरीनंतर हलवण्यात आले आणि नेरुळच्या वाट्याला आले. भारताने श्रीलंका आणि पाकिस्तान यांना हरवून सुरुवात केली, आणि मग तीन सामने ओळीने गमावले: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गड्यांनी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गड्यांनी, इंग्लंडविरुद्ध अवघ्या चार धावांनी. पाच सामन्यांत चार गुण. 'दडपणाखाली कोसळणारा संघ' ही जुनी पाटी पुन्हा बाहेर निघाली. पराभवांचे अंतर मात्र कोणी फारसे मोजले नाही. तिन्ही सामने अखेरच्या षटकांपर्यंत भारताच्या आवाक्यात होते.

२०/
या पराभवांच्या काळातला एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडविरुद्ध एक जादा गोलंदाज खेळवण्यासाठी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले. पुढच्याच सामन्यात, २३ ऑक्टोबरला नेरुळमध्ये न्यूझीलंडविरुद्ध, ती तिसऱ्या क्रमांकावर परतली आणि नाबाद ७६ धावा करून गेली. आठवड्याभराने याच मैदानावर उपांत्य सामन्यात, साखळीत अपराजित राहिलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. संघ व्यवस्थापनाने चुकीवर अडून बसण्याचे टाळले, आणि एका खेळाडूला एका सामन्यावरून निकालात काढण्याचेही टाळले.

२१/
२ नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. मूळ संघात नसलेली, प्रतिका रावलच्या दुखापतीमुळे आलेली शेफाली वर्मा ८७ धावा आणि दोन बळी घेऊन सामनावीर ठरली. दीप्ती शर्माने ५८ धावा आणि पाच बळी मिळवले. भारत ५२ धावांनी जिंकला. पण हरलेल्या संघाचीही नोंद घ्यावी. दक्षिण आफ्रिकेने या स्पर्धेतला पहिला सामना इंग्लंडविरुद्ध ६९ धावांत सर्वबाद होऊन, दहा गड्यांनी गमावला होता. त्याच इंग्लंडला उपांत्य फेरीत १२५ धावांनी हरवून तो संघ नेरुळला आला. जगातील अंतिम दोन संघांपैकी एकाची सुरुवात ६९ ने झाली होती.

२२/
हे सगळे केवळ करमणुकीपुरते असते तर इतका ऊहापोह नको होता. पण घाईच्या निकालाची किंमत माणसे मोजतात. २०२४ मध्ये रोहितच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केले गेले. पहिले तीन सामने हरले, आणि अहमदाबादपासून वानखेडेपर्यंत त्याची हुर्यो उडवली गेली; स्वतःच्या संघाच्या मैदानावर, स्वतःच्या संघाच्या चाहत्यांकडून. संघ अखेर तळाला गेला, म्हणजे चाहत्यांना आलेली शंका खोटी नव्हती. पण एका संघाच्या आजाराला एका माणसाचे नाव दिले गेले. जूनअखेर बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचे शेवटचे षटक त्यानेच टाकले, आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

२३/
यावर रास्त आक्षेप असा: चाहता तिकिटाचे पैसे देतो, रात्री जागतो, त्याला रागावण्याचा हक्क नाही का? हक्क आहेच. व्यावसायिक खेळात जाब विचारलाच पाहिजे, आणि २०२२ च्या लिलावासारख्या निर्णयांचा तर अधिक कठोरपणे विचारला पाहिजे. प्रश्न रागाचा नाही, रागाच्या पत्त्याचा आहे. तो लिलावाच्या टेबलावर बसलेल्यांकडे जायला हवा असताना बहुधा मैदानातल्या सर्वांत नव्या किंवा सर्वांत एकाकी माणसाकडे जातो. टेबलावरचे चेहरे कॅमेऱ्यात क्वचित येतात. झेल सोडणारा प्रत्येक वेळी येतो.

२४/
म्हणून सुरुवातीचे सामने पाहताना निकालाआधी तीन प्रश्न विचारावेत. पहिला: पराभव किती अंतराने झाला? २०१८ चे शेवटचे चेंडू आणि गिलख्रिस्टची बारा षटके यांना एकाच रकान्यात टाकता येत नाही. दुसरा: उणीव भरून निघणारी आहे का? २०२५ मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे बुमरा पहिले चार सामने नव्हता. तो परतणार हे ठाऊक होते. २०२२ मध्ये आर्चर परतणार नव्हता. तिसरा: संघ आपले अकरा जण शोधतो आहे, की दर सामन्याला घाबरून बदलतो आहे? शोध आणि घबराट बाहेरून सारखेच दिसतात. तीन-चार सामन्यांत फरक कळू लागतो.

२५/
२०२५ चा हंगाम या कसोटीला लावून पाहावा. पहिल्या पाच सामन्यांत एकच विजय होता. पण पाचवा सामना बंगळूरविरुद्ध १२ धावांनी गेला होता, बुमरा त्याच सामन्यात परतला होता, आणि संघाचा सांगाडा स्थिर होता. त्यानंतर सलग सहा विजय, उरलेल्या नऊपैकी एकूण सात विजय, १६ गुण, बाद फेरी. एलिमिनेटरमध्ये गुजरातला हरवून संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेला आणि तिथे पंजाबने त्याला थांबवले. विजेतेपद आले नाही. म्हणूनच हे उदाहरण प्रामाणिक आहे. योग्य वाचन विजयाची हमी देत नाही. ते फक्त एप्रिलमध्ये खोटे अश्रू आणि खोटी आशा या दोन्हींपासून वाचवते.

२६/
मुंबईच्या कुठल्याही हंगामाविषयी म्हणूनच इतकेच म्हणता येते. एक पराभव काहीच सांगत नाही. चार पराभव कर्ज वाढवतात, पण संघाचा दर्जा ठरवत नाहीत. सहा-सात सामन्यांनंतर मात्र देवाच्या नावावर सूट मागता येत नाही. तेव्हा कारणे शोधावीत, आणि ती खेळाडूंच्या चेहऱ्यांत शोधण्याआधी संघाच्या बांधणीत शोधावीत. तोवर उन्नीस-वीस वर्षांच्या एखाद्या पोराला तीन डावांवरून मोडीत काढू नये. २०२२ च्या आठ पराभवांत तिलक वर्मा होता, आणि २०२५ च्या तीन पराभवांपैकी तिसऱ्यात बाकावर बसलेली जेमिमा होती. नेरुळच्या मैदानाने हे दोन्ही पाहिले आहे.